शेतातला उभा दगड नेमका कुणाचा? वाचक विचारतात

मागच्या अंकात खानापूर तालुक्यातल्या एका माळावरच्या उभ्या दगडाचा फोटो छापला होता, खाली फक्त "हे काय आहे, कुणाला माहीत आहे का?" एवढंच लिहिलं होतं, आणि त्यावर इतकी पत्रं नि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्या एकाच विषयाला दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. गावाची नि माणसांची नावं मुद्दाम देत नाही, कारण काहींनी शेताच्या पत्त्यासकट लिहिलंय आणि ते छापलं तर दुसऱ्या रात्री तिथं कुदळ-पहार घेऊन माणसं हजर होतील. आपल्या भागात हे काय नवीन नाही.

आमच्या बांधावर छातीएवढा दगड उभा आहे. त्यावर अक्षर नाही की चित्र नाही. आजा दर अमावस्येला तिथं नारळ फोडायचा, आता आम्ही फोडतोय. म्हसोबा म्हणतात त्याला. पण मध्ये एक कॉलेजचा पोरगा आला आणि हा तीन हजार वर्षांचा दगड आहे म्हणून सांगून गेला. खरं काय समजायचं? (खानापूर तालुका)

दोन्ही खरं असू शकतंय. आधी कुणीतरी दगड उभा केला, ती माणसं गेली, गावं उठली, नवी बसली, आणि नंतर आलेल्यांना माळावर एकटाच उभा असलेला दगड दिसला की त्याला शेंदूर लागणारच, त्यात म्हसोबा, वेताळ, बिरोबा जो गावाचा असेल तो येऊन बसतो. वेताळाच्या ठाण्याभोवती तर लहान दगडांचं रिंगण करायची पद्धत देशावर होतीच, त्यामुळं रिंगण दिसलं की ते अतिप्राचीन असं लगेच धरून चालू नका.

पण त्या पोरानं नुसतं बघून तीन हजार वर्षं सांगितली असतील तर ते मात्र पटत नाही. साध्या न कोरलेल्या दगडाचं वय वरून बघून कुणालाच सांगता येत नाही, कितीही मोठा तज्ज्ञ असू दे. दगड स्वतः लाखो वर्षांचा असतोच की, प्रश्न आहे तो उभा कधी केला याचा, आणि ते उत्तर दगडात नसतं, त्याच्या बुडाच्या मातीत नि आजूबाजूला असतं. म्हणून आधी आजूबाजूला बघायचं. नांगरताना काळ्या-तांबड्या खापऱ्या निघतात का, म्हणजे एकच भांडं आतून आणि तोंडाजवळ काळं, खाली तांबडं, असली खापरी ही त्या लोहयुगातल्या लोकांची मोठी खूण आहे. लोखंडाची जळकी मळी सापडते का. जवळपास आणखी दगड आहेत का, मातीत दबून अर्धंमुर्धं वर्तुळ दिसतंय का, किंवा बारक्या धोंड्यांचा ढिगारा आहे का जो कुणी शेत साफ करून घातलेला वाटत नाही. असलं काही असेल तर तो इ.स.पू. १००० ते ३०० च्या आसपासचा महापाषाणयुगातला असायची शक्यता धरता येते. या लोकांनी आपली माणसं गेल्यावर त्यांच्या अस्थींवर किंवा आठवणीसाठी दगड उभे केले, दगडांची वर्तुळं केली, दगडी खोल्या बांधल्या.

आणि बाकी दगडही असतातच. जुन्या विहिरीच्या काठावर जोडीनं उभे असतील तर ते मोटेचे. शेताच्या कोपऱ्यावर घडीव, बुटका, आकडा कोरलेला असेल तर तो सर्व्हेचा हद्दीचा दगड, त्याला देव करा की नका करू पण हलवू नका, तो गुन्हा आहे. वर सूर्य-चंद्र नि लिंग कोरलेलं असेल तर बहुतेक देवळाला किंवा मठाला दान दिलेल्या जमिनीची ती हद्द असते, लिंगाच्या जागी छत्री घेतलेला बुटका वामन असेल तर ते दान वैष्णवांना किंवा ब्राह्मणांना दिलेलं. गाढव आणि बाईचं अश्लील वाटणारं चित्र असलेला दगड घाटाखाली कोकणात नि गोव्याकडं जास्त दिसतो, त्याला गद्धेगाळ म्हणतात, दान मोडणाऱ्याला घातलेली ती शिवी आहे, बघून लाजायचं कारण नाही.

तुमचा नारळ चालू ठेवा. आज्यानं सांभाळला म्हणूनच तो दगड अजून उभा आहे, नाहीतर केव्हाच कुणाच्या तरी घराच्या पायात गेला असता. फक्त शेंदराचा थर वाढवू नका आणि बुडाशी खणून चौथरा बांधायचा विचार असेल तर तो सोडा.

कोन्नूरला पांडवांची घरं म्हणून दगडी खोल्या आहेत. माणूस आत नीट बसू पण शकत नाही, मग भीम कसा राहिला? काहीजण म्हणालेत की पूर्वी तिथं बुटकी माणसं राहायची. (गोकाक तालुका)

प्रश्न एकदम बरोबर विचारलाय. भीम सोडा, कुणीच राहिलं नाही तिथं. ती मेलेल्यांची घरं आहेत.

गोकाक धबधब्याजवळचं हे कोन्नूर म्हणजे आपल्या जिल्ह्यातली या विषयातली सगळ्यात महत्त्वाची जागा, आणि बेळगावच्या पोरांना ती माहीत नसावी याचं मला खरंच वाईट वाटतं. गोकाकला सगळे जातात, धबधब्याचा फोटो काढतात, झुलत्या पुलाबद्दल बोलतात, करदंट घेतात नि परत येतात. तीन-चार बाजूंनी उभ्या फरशा आणि वर एक भली मोठी फरशी झाकण म्हणून, अशी ही रचना असते. या पद्धतीच्या खोल्यांत एका बाजूच्या फरशीला पुष्कळदा गोल भोक पाडलेलं असतं, डोकं आणि खांदा कसाबसा जाईल एवढं. ते दार नाही नि खिडकी पण नाही. या लोकांच्यात मेलेल्या माणसाचं शरीर आधी दुसरीकडं ठेवून नंतर त्याची हाडं गोळा करून आत ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती, आणि एकाच खोलीत एकापेक्षा जास्त माणसांची हाडं सापडतात, म्हणजे कुटुंबातलं किंवा कुळातलं कुणी गेलं की परत त्या भोकातून आत ठेवता यावं अशी सोय असणार असं अभ्यासक धरतात. सोबत भांडी, लोखंडाची हत्यारं, कधी मणी. गेलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, एवढी माया त्या दगडात आहे.

बुटक्या माणसांची गोष्ट एकट्या कोन्नूरची नाही. कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीजवळ हिरेबेणकल नावाचं गाव आहे, तिथल्या डोंगरावर असल्या शेकडो दगडी रचना आहेत, एखादी वाडी वसल्यासारख्या, आणि तिथले लोक त्यांना मोरेर मने म्हणतात, मोरेर म्हणजे म्हणे बुटके लोक होते आणि ती त्यांची घरं. खोल्या लहान, म्हणून राहणारे लहान, असा तो साधा हिशोब. हिरेबेणकलचं नाव २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलंय.

आता एक गोष्ट बघा जी मला फार आवडते. दगड कुठला मिळतो त्यावर कबर कशी बांधायची हे बऱ्याच अंशी ठरलेलं दिसतं. गोकाकचा दगड आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या काळ्या कातळासारखा नाही, तो कलादगी पट्ट्यातला वाळूचा दगड, थरावर थर, पहार घातली की फरशीसारखा सुटतो, बागलकोट जिल्ह्यातल्या ऐहोळेचाही तसलाच. म्हणून कोन्नूरला नि ऐहोळेला फरशांच्या खोल्या. हिरेबेणकलला ग्रॅनाइटचे डोंगर, त्याचे पापुद्रे सुटतात, तिथंपण खोल्या. आणि नागपूरजवळ जुनापाणीला काळा कातळ, त्याच्या फरशा कुठनं निघणार, तिथं गोल धोंड्यांची वर्तुळं, शेकडोंनी. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांनी "आमच्याकडं असल्या खोल्या का नाहीत" असं विचारलंय, त्यांना बऱ्यापैकी उत्तर इथंच मिळेल.

या भागातल्या दगडी कबरींवर ज्यांनी आयुष्यभर काम केलं ते धारवाड विद्यापीठातले डॉ. अ. सुंदर. फरशा कशा रचल्यात, भोक कुठल्या दिशेला, खोलीत शिरायला वाट आहे का, यावरून त्यांनी प्रकार पाडले. बेळगावच्या वडगाव-माधवपूरचं उत्खननही त्यांचंच, सातवाहन काळातलं मोठं गाव तिथं सापडलं. तिथंच यज्ञ केलेल्या माणसाचा ब्राह्मी लेख असलेला दगडी खांबही मिळालाय. म्हणजे आपल्या शहराच्या पोटातच दोन हजार वर्षांपूर्वीचा एक उभा दगड होता, नि त्याच्या आसपास आता घरं, गल्ल्या, यंत्रमाग.

एवढे दगड त्या काळात उचलले कसे? आणि ते सूर्य, तारे बघून लावलेत म्हणतात ते खरं का? आमच्या प्रोजेक्टसाठी पाहिजे. (बेळगाव, कॉलेज विद्यार्थिनी)

कसे उचलले याचं उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा जिथं अजून उचलतात तिथं बघा. गडचिरोलीत भामरागडकडं माडिया लोक आजही माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात. मेघालयात खासी, तसंच नागा लोकांच्यात ही चाल होती, आणि तिथं मोठा दगड लाकडाच्या घसरगाडीवर चढवून वेलीच्या दोरांनी अख्खं गाव ओढायचं. उभा करायचा म्हणजे खड्डा एका बाजूनं उतरता खणायचा, दगडाचं बूड त्यात घसरवायचं, दुसऱ्या बाजूनं दोर लावून ओढायचा आणि सरळ झाला की बारक्या धोंड्यांनी ठासून भरायचं. लागतं काय, तर माणसं, दोर, लाकडं, आणि त्या सगळ्यांना पुरेल एवढं जेवण. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ज्याच्याकडं धान्य आणि गुरं जास्त त्यालाच एवढ्या लोकांना जेवायला घालून मोठा दगड उभा करता येणार. म्हणून अभ्यासक दगडाच्या आकारावरून त्या समाजातला मान-मरातब मोजायला बघतात.

ताऱ्यांचं म्हणाल तर सरसकट हो म्हणू नका. शिमोगा जिल्ह्यात होसनगर तालुक्यात निलसकल आणि बैसे इथं उभ्या दगडांचे समूह आहेत, तिथं संशोधकांनी मोजमापं घेऊन काही दगडांच्या जोड्या उत्तरायण-दक्षिणायनाच्या टोकाच्या दिवशीच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या रेषेत येतात असं मांडलंय. यादगिर जिल्ह्यात शहापूरजवळ विभूतिहळ्ळीला तर माळावर रांगेनं दगड मांडलेत, एकोणिसाव्या शतकात मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पण कुठल्याही दोन दगडांमधून रेघ ओढली तर ती आकाशात कुठंतरी जाऊन लागणारच, त्यामुळं एका शेतातल्या दोन दगडांवरून वेधशाळा ठरवू नका. प्रोजेक्टमध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातलं ब्रह्मगिरी जरूर घ्या, पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये तिथं खणलं आणि दक्षिणेतल्या या कबरींचा काळ थरावरून लावायची पद्धत नीट बसली.

आमच्या गावात देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. आवारात लढणाऱ्या माणसांचे कोरलेले दगड पडलेत. कमिटी म्हणते सगळे भिंतीला एका ओळीत सिमेंटमध्ये बसवून सोनेरी ऑइलपेंट मारूया, छान दिसतील. करू का? (बेळगाव तालुका)

नका करू. हात जोडून सांगतो, रंगाचा डबा परत दुकानात द्या.

ते वीरगळ आहेत, म्हणजे लढताना मेलेल्यांच्या आठवणीचे दगड, नऊशे-हजार वर्षांपूर्वीपासूनचे आपल्या भागात गावोगावी सापडतात, कदंब, रट्ट, शिलाहार, यादव या सगळ्या राजघराण्यांच्या काळातले. आपण वरून खाली बघतो म्हणून घोटाळा होतो, वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवार घेतलेला माणूस, समोर एक-दोघं, पायाशी कुणीतरी आडवा पडलेला. पुष्कळ ठिकाणी मागं गायींची तोंडं कोरलेली दिसतात, एकावर एक, म्हणजे हा माणूस गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला. त्याच्या वरच्या चौकटीत तोच माणूस, आता दोन्ही बाजूला अप्सरा, त्यांनी त्याला दंडाला धरून वर चालवलंय. त्याच्या वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, बाजूला पुजारी. आणि अगदी वर सूर्य, चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. दोन चौकटींच्या मधली जी सपाट पट्टी असते ना, लेख असला तर बहुतेक तिथंच असतो, त्यात माणसाचं नाव, गावाचं नाव, साल, राजा कोण होता, सगळं येतं.

आता तुमची कमिटी काय करणार, तर खालचा फूटभर भाग सिमेंटमध्ये गाडणार, म्हणजे लढाई गेली, गायी गेल्या. आणि वरून ऑइलपेंट, म्हणजे पट्टीवरची झिजलेली अक्षरं रंगानं भरून सपाट. रंगाच्या आत ओल अडकते आणि मग काही पावसाळ्यांत दगडाचा वरचा पापुद्राच रंगासकट सुटून येतो. जुना रंग काढायला ॲसिड किंवा मशीन मारणं तर त्याहून वाईट. हे दगड गावासाठी मेलेल्या माणसांचे आहेत, कदाचित तुमच्याच कुणाचे तरी पूर्वज.

करायचंच असेल तर एवढं करा. जेसीबीनं ढकलू नका, दोर-लाकूड लावून उचला. उचलायच्या आधी कुठला दगड कुठं, कुठल्या दिशेला तोंड करून होता त्याचे फोटो नि एक कच्चा नकाशा करा. ओल न धरणाऱ्या जागी, वाळू-मुरूम घालून, अख्खा दगड दिसेल असा टेकवून उभा करा, वर साधं पत्र्याचं छप्पर. एवढंच, आणि खर्चपण कमी.

कोपरात वाकलेला बाईचा हात कोरलेला दगड गावाच्या शिवेवर आहे. बायका त्याच्या बाजूनं जायला भितात. चेटकिणीचा आहे का? (निपाणी भाग)

नाही हो. ती सतीशिळा. हातात बांगड्या कोरलेल्या असतील बघा, म्हणजे ती सौभाग्यासहित गेली असं दाखवायचं. नवऱ्याबरोबर जळालेल्या किंवा जाळलेल्या बाईचा तो हात आहे, आणि तिच्यापासून आपण घाबरायचं हे काही बरोबर नाही. गावातल्या बायकांना हे नक्की सांगा.

आमच्या वस्तीजवळच्या दगडावर हळेकन्नड (जुनी कानडी) लिपी आहे असं वाटतं. गाव शंभर टक्के मराठी. काहीजण म्हणतात बाहेर सांगू नका, उद्या तेच पुरावा म्हणून दाखवतील. काय करावं? (सीमाभाग, एवढंच लिहा)

तुमची भीती कळते. या भागात राहून ती कळणार नाही असा माणूस नाही. पण दगड लपवू नका आणि कुणाला फोडू तर अजिबात देऊ नका.

आठशे-नऊशे वर्षांपूर्वी दगडावर कुठली भाषा कोरायची हे राजा, देऊळ, कोरणारा कारागीर आणि चालरीत यावर ठरायचं. कोल्हापूरच्या शिलाहारांचे लेख कानडीत आहेत, संस्कृतमध्ये आहेत, आणि कोल्हापूर आज कुठं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. उलट श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी "श्रीचावुंडराजें करवियलें" ही मराठी ओळ आहे, तिच्याबरोबर तमिळ नि कानडी ओळी पण आहेत. मग काय करायचं, श्रवणबेळगोळ महाराष्ट्रात मागायचं? आपला हक्क आजच्या बोलणाऱ्या माणसांवर उभा आहे, तो एका वीरगळामुळं जात नाही आणि त्याच्यामुळं येतपण नाही. त्या लेखात तुमच्याच गावाचं जुनं नाव असेल, तुमच्या तळ्याची नोंद असेल. खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका हे आपल्याला लेखांमुळंच कळलं.

वाचायला पाहिजे तर अक्षरांत खडू, पीठ, कोळसा काही भरू नका. रात्री जा, हातात टॉर्च, आणि उजेड समोरून न मारता दगडाच्या एका बाजूनं, जवळजवळ दगडाला घासून आडवा टाका. दिवसा जे नुसतं खरबडीत दिसत होतं त्यातनं अक्षरं उठून दिसायला लागतात. दुसऱ्यानं मोबाईल स्थिर धरून फोटो घ्यायचा, मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन परत एक. प्रत्येक फोटोत फूटपट्टी ठेवा. अभ्यासक मंडळी ओला कागद ब्रशनं ठोकून शाईचा ठसा घेतात, ते त्यांनाच करू द्या.

शेतात असला दगड आहे म्हणून कळलं तर सरकार जमीन घेतंय का? आणि दगडाखाली धन असतंय म्हणतात, मागच्या वर्षी कुणीतरी रात्री खड्डा मारून गेलंय. (हुक्केरी तालुका)

दगड आहे म्हणून जमीन जात नाही. १९५८ च्या केंद्राच्या कायद्यानं एखादी जागा संरक्षित करायची तर आधी नोटीस काढावी लागते, हरकत घ्यायला दोन महिने मिळतात, मग पुढचं. केंद्राचं संरक्षित स्मारक झालं तर मात्र त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, हे माहीत असू द्या. पण माळावरच्या प्रत्येक दगडाचं असं होत नाही. घाबरून रातोरात दगड उपटणारे शेतकरी बघितलेत, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

धनाचं काय सांगू. असल्या दगडाखाली जे असतं ते हाडं, फुटकी मडकी, गंजलेलं लोखंड. ज्यानं खड्डा मारला त्याला हे मिळालं असणार आणि त्यानं ते तिथंच फेकलं असणार, आणि त्या फेकण्यात तीन हजार वर्षांची माहिती मातीला मिळाली. खड्ड्याजवळ खापऱ्या पडल्या असतील तर गोळा करून घरी नेऊ नका, आहे तिथं फोटो काढा, तहसीलदारांना लेखी कळवा आणि पुरातत्त्व खात्याच्या धारवाड सर्कललापण पत्र टाका. चुकून खरंच काही मौल्यवान निघालंच तर कर्नाटकाच्या १९६२ च्या निखात निधी कायद्याखाली, म्हणजे जमिनीत सापडलेल्या धनाच्या कायद्याखाली, कलेक्टरला कळवावं लागतं.

सुट्टीत पोरांना घेऊन हे सगळं बघायला जायचं तर कुठं जाऊ? (बेळगाव, टिळकवाडी)

एका दिवसात म्हणजे गोकाक आणि कोन्नूर. सकाळी आधी कोन्नूर करा, मग धबधबा, उलटं केलं की पोरं दमतात नि दगड राहून जातात. कोरीव काम बघायचं असेल तर हलशी आणि देगाव, दोन्ही एका फेरीत होतात, देगावचं कमलनारायण देऊळ गोव्याच्या कदंबांच्या कमलादेवी राणीचं. दोन दिवस असतील तर ऐहोळे. तिथं सगळे दुर्ग देऊळ बघून परततात, तुम्ही मेगुती टेकडीवर चढा, वर इ.स. ६३४ चा रविकीर्तीचा लेख आहे, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा पराक्रम सांगणारा, आणि त्याच देवळाच्या मागं गेलात की माळावर फरशांच्या कबरी पसरलेल्या दिसतात, काही उभ्या, काही कोसळलेल्या. पोरांना आत शिरू देऊ नका, वरच्या फरशा टेकलेल्या असतात नुसत्या. हिरेबेणकलला जायचं तर थंडीतच, डोंगर चालत चढावा लागतो, गावातला वाटाड्या घ्या, पाणी भरपूर न्या आणि मुक्काम गंगावतीला नाहीतर होस्पेटला करा.